कार्डाचा कोपरा

सिरसाळ्याच्या ताराबाईला लिहिता येत नाही, पण तिचा मुलगा जीवन फौजेत गेल्यापासून एकही पंधरवडा तिनं कार्ड चुकवलेलं नाही. ती सांगते, सून बबिता लिहिते. सांगणं म्हणजे काय, सगळी शेळ्यांचीच खबरबात: कोणती व्याली, कोणती लंगडते. शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं, "आमी समदे खुशाल हाव. तू भिऊ नको." घरात सगळ्यात भित्री कोण असेल तर ती स्वतःच.

यंदा उन्हाळ्यात सीमेवर तणातणी सुरू झाली आणि जीवनचा फोन बंद पडला. ताराबाईला घास गोड लागेना. तिनं ताबडतोब कार्ड लिहवून घेतलं आणि शेळ्या हाकत टपालपेटीशी गेली. तिथं पायातला काटा काढायला बसली, कार्ड बाजूला ठेवलं, तेवढ्यात चितरी शेळीनं त्याचा कोपरा खाल्ला. ताराबाईनं तिला एक रट्टा दिला, लिहिलेलं तेवढं शाबूत पाहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.

ओढ्यापाशी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं. नवरा म्हाळू वारला तेव्हा पाहुण्यांना धाडायच्या कार्डांचे कोपरे तिनं जीवनच्याच हातानं फाडून घेतले होते. आता त्याच पोराच्या हातात हे कार्ड पडणार. अक्षर बायकोचं, मग मेलं कोण ते त्याला कुणी सांगायला नको.

शेळ्या तिथंच सोडून ती माघारी पळाली. पोस्टमन भागवत सायकलवर टांग टाकत होता.

"मावशी, पिशवी गाडीत गेली."

"माघारी बोलाव की बाबा."

"आता कशी येईल?"

बबितानं लगोलग दुसरं कार्ड लिहिलं, आत्या जित्ती हाय, कोपरा शेळीनं खाल्ला. पण ते मागून जाणार. पोरगं रडत बसलं आणि तिकडून गोळी आली तर? धीर द्यायला धाडलेलं कार्डच त्याचा घात करणार, आणि ते आपण आपल्या हातानं टाकलं, या भीतीनं ताराबाई अर्धी झाली.

विसाव्या दिवशी भागवत पत्र घेऊन आला. ताराबाईनं ते बबिताला दिलं नाही. आधी चारही कोपरे बोटांनी चाचपले. परत एकदा चाचपले. मग म्हणाली, "वाच."

"आये, कार्ड आलं अन् वाचायची हिंमत झाली न्हाई. चार दिवस खिशात घेऊन ड्युटी केली. वाचलं न्हाई तवर तू जित्ती व्हतीस. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या सत्यमनं हिसकून मोठ्यानं वाचलं. चितरी व्याली, दोन करडं झाली. आमी समदे खुशाल हाव. सत्यम हसला. मी लई रडलो."

ताराबाईनं पत्राची घडी करून पदराच्या गाठीत बांधली. मग तिनं बबिताला नवं कार्ड काढायला लावलं.

"काय लिहू, आत्या? तू भिऊ नको?"

"न्हाई," ताराबाई म्हणाली. "लिव, लई भ्यालते मी."