कोपरा फाडलेला कागद

नांदेडच्या आमच्या क्लासमध्ये मुदखेडहून रोज रेल्वेनं येणारे एक गणिताचे सर आहेत. दुपारपर्यंत चार बॅच झालेल्या असतात. मग समोरचा चहा गार होईपर्यंत ते डोळे मिटून बसतात. काहीही विचारलं तरी आधी म्हणतात, ‘थांबा जरा.’

परवा एका मुलीनं मला विचारलं, ‘सर, ए वर्ग वजा बी वर्गाचे अवयव बेरीज गुणिले वजाबाकी असेच का पडतात?’ मी थकलो होतो. म्हणालो, ‘पाठ कर, मार्क त्याचेच आहेत.’ ती सरांकडे गेली.

‘थांब जरा,’ म्हणत त्यांनी क्लासच्या जाहिरातीचा एक चौरस कागद घेतला आणि पट्टी लावून कोपऱ्यातला छोटा चौरस फाडून काढला. उरलेल्या कागदाचे सरळ कापून एक मोठा, एक छोटा असे दोन तुकडे केले. ‘आता जोडून बघ.’

तिनं जोडले. आयत झाला.

‘लांबी दोन्ही चौरसांच्या बाजूंची बेरीज हाय, रुंदी वजाबाकी,’ म्हणून सरांनी पुन्हा डोळे मिटले.

ती गेल्यावर मी ते तुकडे हळूच ओढून घेतले. बावीस वर्षं हे सूत्र शिकवतोय, पण तुकडे काही जुळेनात.

सरांनी एक डोळा उघडला.

‘थांबा जरा,’ ते म्हणाले. ‘छोटा तुकडा फिरवून लावा.’