मोठ्यानं वाचलेली परवानगी

बोलून राहिली मी, लिहून राहिली नात. चुका तिच्या, खोड्या माझ्या.

आज मुलगा ट्रॅक्टरच्या कर्जासाठी मला गोंदियाच्या बँकेत घेऊन गेला, कारण जमीन माझ्या नावावर. माझी दुसऱ्या बँकांतली खाती पाहायला तिथल्या पोरीनं माझ्या फोनवर परवानगीचा मजकूर उघडून होकार मागितला.

"आधी वाचून दाखव बाई. न वाचता होकार मी फक्त लग्नात दिला."

तिनं मोठ्यानं वाचलं. त्यातल्या खात्यांच्या यादीत नवऱ्यानं टाकलेल्या लेकीसाठी मी गुपचूप उघडलेलं खातंही निघालं.

"माय, मले काऊन नाही सांगितलं?" मुलगा म्हणाला.

"ते खातं वगळ," मी पोरीला म्हटलं. तिनं वगळलं. बँकेला ते दिसलं नाही, पण मुलानं ऐकलं.

तुम्ही मनात वाचून होकार देता. वाचता न येणाऱ्या आमच्यासारख्यांना एकट्यात कोण वाचून दाखवेल?