डावीकडे ओढणारी गाडी

माझी डिलिव्हरीची गाडी बॅटरीवर चालते. एवढं नुसतं सांगितलं तरी आमच्या भागात माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग सल्ला द्यायला चार पावलं पुढे येतो. त्यात चालवणारी बाई. मग तर सल्ल्यांना ऊत येतो.

खामगावहून पहाटे पार्सलांचा मोठा ट्रक मेहकरच्या आमच्या ऑफिसात येतो. त्यातली डोणगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांची पार्सलं मी माझ्या गाडीत भरते आणि घरोघर पोचवते. लोक काय मागवतील याचा नेम नाही. कुकरची शिट्टी, मोबाइलची कव्हरं, नवऱ्याला न सांगता घेतलेल्या साड्या. एकदा तर गोठ्यात आठ जनावरं असलेल्या घरी मी गोवऱ्यांचं पार्सल दिलं. होमासाठी हव्या होत्या आणि सुनेला म्हणे पॅकिंगमधल्याच पाहिजे होत्या. सासू दारात उभी राहून माझ्याकडेच असं बघत होती, जसं काही मीच थापल्या होत्या.

या फेरीसाठी मी फार भांडले होते. त्याआधी चार वर्षं मी त्याच ऑफिसात पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम केलं. गाडी शिकले, लायसन काढलं, तीनदा अर्ज दिला, तेव्हा कुठे नवी गाडी आली आणि ती माझ्या नावावर लागली. घरात मी पहिल्यांदा किल्ली देव्हाऱ्यात ठेवली, त्या दिवशी मला झोप आली नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात जाणार होती ती हीच फेरी.

त्या दिवशी सकाळी डोणगावात शिरताना स्पीडब्रेकरच्या आधी मी गाडी हळू केली आणि पुढून 'काड्' असा आवाज आला. हातातलं स्टीअरिंग एकदम हलकं झालं. उजवं चाक रस्त्याकडे बघत होतं, डावं चाक शेताकडे. ब्रेक दाबला. गाडी चहाच्या टपरीच्या बाकड्यापासून हातभर अंतरावर थांबली. बाकड्यावरचे दोघं चहाचे कप घेऊनच उठले, एक थेंब सांडला नाही. त्या प्रसंगात सर्वात शांत डोकं त्यांचंच होतं.

पाच मिनिटांत गर्दी. एकाचं म्हणणं, बॅटरी फुटली. दुसरा म्हणाला, कोणी हात लावू नका, करंट सुटला असेल. तिसऱ्याने लांबूनच एका काडीने टायर टोचून पाहिला. कशावर एकमत होईना, पण एका गोष्टीवर लगेच झालं: बाईने कुठंतरी आदळली. कुठं, ते कोणी विचारलं नाही. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो माझ्या फोनच्या आधी ऑफिसात साहेबांकडे पोचला. आमच्या पार्सलांना हा वेग कधी जमला नाही.

साहेबांनी आधी पार्सलं ठीक आहेत का ते विचारलं. मग म्हणाले, वर अहवाल पाठवावा लागेल, आठ दिवसांत. चालकाच्या निष्काळजीपणाने वाहनाचं नुकसान, असं लिहावं लागेल आणि खाली माझी सही लागेल. सही झाली की फेरी दुसऱ्याला. साहेब मोठ्या दुःखाने बोलत होते. माझ्या जागी येणारा माणूस दुपारीच ऑफिसात येऊन चहा पिऊन गेला, हे मला ऑफिसात झाडलोट करणाऱ्या बाईने संध्याकाळी सांगितलं.

मी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. बॅटरीसाठी एक दाबा, चार्जिंगसाठी दोन दाबा, सॉफ्टवेअरसाठी तीन दाबा. चाक वाकडं झाल्यावर काय दाबायचं ते त्यात नव्हतं. मी तिन्ही दाबून पाहिले. शेवटी एका गोड आवाजाने गाडी बंद करून पुन्हा चालू करून बघायला सांगितलं. मी केली. चाक शेताकडेच होतं.

डोणगावात एक मिस्त्री आहेत, वय साठीचं. जन्मभर जीपा आणि ट्रॅक्टर दुरुस्त केलेले. त्यांना बोलावलं तर ते फवारणीचे गमबूट घालून आले आणि लाकडी फळीवर उभे राहून गाडीकडे बघायला लागले. मी त्यांना सांगितलं, काका, मोटर मागे आहे, बॅटरी मधे आहे, करंटच्या वायरी नारिंगी असतात आणि पुढच्या चाकाकडे त्यातली एकही येत नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलेला मेन स्विच मी स्वतः काढून त्यांच्या हातात दिला. मग ते फळीवरून उतरले, वाकले, चाकाच्या मागे टॉर्च मारला आणि पहिल्यांदा हसले.

"हे तं आपलंच काम हाय व बाई. नुस्तं लोखंड. नकल तुटली."

नकल म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारा लोखंडाचा जाड तुकडा. चाक त्याच्यावर फिरतं, आणि त्याला एक कान असतो, त्या कानाला स्टीअरिंगचा दांडा जोडलेला. तो कानच तुटला होता. बैलगाडी जाऊन जीप आली, जीप जाऊन बॅटरीची गाडी आली, पण चाक वळवायला कान लागतोच. मिस्त्रींनी तिथंच गमबूट काढून ठेवले आणि गाडी ढकलत गॅरेजला नेली. पुढचं चाक दोन पोरांनी उचलून धरलं होतं म्हणता येणार नाही, आठ जणांनी धरलं होतं, आणि सगळे सल्ला देत होते.

नवीन नकल मागवली. ती आमच्याच कंपनीच्या पार्सलाने निघाली. खामगावला आली, मेहकरला आली आणि तिथं थांबली. दोन दिवस मी मोबाइलवर बघते आहे, तिसऱ्या दिवशी खाली ओळ आली: वाहन उपलब्ध नसल्यामुळे डिलिव्हरी पुढे ढकलली आहे. मी ती ओळ दोनदा वाचली. गॅरेजचा पत्ता डोणगावचा. डोणगावची फेरी माझी. माझी गाडी नकलेवाचून उभी, आणि नकल माझ्या गाडीवाचून उभी. ऑफिसात फोन केला तर म्हणाले, नियमाप्रमाणे ती तुमच्या गाडीतूनच जाईल.

आता काय बोलावं. एसटीने मेहकरला गेले, माझ्याच रॅकवरून पार्सल काढलं, घेणाऱ्याच्या जागी सही केली, देणाऱ्याच्या जागी सही केली आणि खोकं मांडीवर घेऊन एसटीने परत आले. लोखंड ते, मांडी बधिर झाली. डोणगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा मोबाइलवर अभिनंदन आलं आणि डिलिव्हरी कशी वाटली तेही विचारलं.

मिस्त्रींनी चाक काढलं. ब्रेकचा भाग सोडवून तारेने वर टांगला, पाइपावर ताण येऊ नये म्हणून. नट ढिले होईनात, तेव्हा तेल सोडून आम्ही एक चहा घेतला. मग तुटकी नकल बाहेर आली. त्यांनी ती फडक्याने पुसली आणि उन्हात धरली.

"इकडे पाह्य बाई. हे चमकून राह्यलं ते आत्ताचं. अन् हे काळं, गंजलेलं, हे जुनं हाय. अर्ध्याच्या वर आधीच तुटेल होतं. तू आदळली नाई. तुले आदळेलच देली."

मी बघितलं. तुटलेल्या जागेचा एक कोपरा नव्या ताटासारखा लखलखीत, बाकी सगळं तांबूस काळं. आणि मला एकदम आठवलं.

दीड वर्षापूर्वी गाडी नवी आली तो दिवस. ऑफिससमोर मांडव, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबू, बॉनेटला हार. गाडी माझ्या नावावर, पण बाई म्हणून माझ्या हातात आरतीचं ताट दिलं, आणि फोटोसाठी चालकाच्या जागी साहेब बसले. कार्यक्रमाप्रमाणे त्यांनी लिंबावरून गाडी जरा पुढे घ्यायची होती. किल्ली फिरवली. आता बॅटरीची गाडी, ती घरघर थोडीच करणार. मांडवातले सगळे ओरडले, चालूच नाही झाली साहेब, रेस द्या, रेस द्या! साहेबांनी जीपसारखी रेस दिली. लिंबं फुटली, गाडी उडाली आणि डावं चाक ऑफिसच्या दगडी पायरीवर जाऊन आदळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायरीचा टवका उडाला तो शुभशकुन ठरला. तो फोटो फ्रेम करून साहेबांच्या खुर्चीमागे लावला आहे.

दुसऱ्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. मी सांगितलं. साहेब म्हणाले, नवी आहे, हात बसेल. महिन्याने पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, ताई, बायकांच्या हाताला स्टीअरिंग जड लागतंच. मग मी सांगायचं सोडलं. उजव्या हातावर जोर देऊन चालवायला लागले. रात्री खांदा दुखायचा, त्यावर बाम लावायचे.

मिस्त्रींनी नवी नकल बसवली, पिना घातल्या, आणि सुतळी ताणून चाकं सरळ आहेत का ते मोजलं. मी तुटकी नकल गोणपाटात गुंडाळली आणि तशीच मेहकरला गेले. साहेबांसमोर अहवाल टाइप करून तयार होता, सहीच्या जागी फुली मारलेली. मी गोणपाट टेबलावर ठेवलं, सोडलं आणि नकल त्या अहवालावर ठेवली.

मी म्हटलं, "साहेब, हा गंज दीड वर्षाचा आहे. त्या दिवशी माझ्या हातात आरतीचं ताट होतं."

साहेब नकलेकडे बघत राहिले. मागे वळून फोटोकडे त्यांनी बघितलं नाही, पण त्यांची मान तिकडे जाता जाता थांबली ते मला दिसलं. त्यांनी चहा सांगितला. मग म्हणाले, रस्ता खराब असल्यामुळे, असं लिहू. मी म्हटलं, रस्त्याने काय केलं? तेही खोडलं. शेवटी 'सुटा भाग आधीपासून तडकलेला होता' एवढं लिहिलं गेलं. कोणी तडकवला, ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. मी म्हटलं, राहू द्या. फेरी माझ्याकडे राहिली.

पण नवा भाग बसला म्हणजे पूजा आलीच. सोमवारी ऑफिससमोर पुन्हा हार, पुन्हा लिंबू, पुन्हा मोबाइल वर झालेले. साहेब सवयीने चालकाच्या दाराकडे आले. मी आधीच आत बसले होते, किल्ली माझ्या मुठीत. काच खाली केली.

"ताट तुम्ही धरा साहेब."

साहेबांनी ताट घेतलं. दिवा विझू नये म्हणून एक हात आडवा धरला, आणि मी लिंबावरून गाडी हातभर पुढे घेतली नि थांबवली. त्याचाही फोटो निघाला. तो मात्र भिंतीवर लागला नाही.

मग पार्सलं भरून डोणगावकडे निघाले. गाव मागे पडल्यावर सरळ रस्ता लागला, मागेपुढे कोणी नव्हतं. मी उजव्या हाताचा जोर सोडला. गाडी सरळच चालत राहिली. मला रडू आलं, रागाने आलं, आणि मी ते पुसलंही नाही. दीड वर्ष मी मानून बसले होते की माझाच हात कच्चा आहे.