राग आला की एक फेरी

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय, उरलेलं आईने सांगितलंय, आणि आई चिडलेली असली की जरा वाढवून सांगते. ती कायम चिडलेली असते. पण बेसिकली खरं आहे.

असे किस्से साठतात कसे, कळत नाही. ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात ना, तसे. आणले कुणी माहीत नाही, टाकवत नाहीत, आणि एक ओढावा तर सगळे बाहेर येतात.

तर आमचे बाबा. बँकेतून रिटायर, मुक्काम सदाशिव पेठ, मूळ स्वभाव राग. पंखा हळू फिरला तर पंख्यावर ओरडायचे. मागच्या वर्षी हार्टमध्ये स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, "आता राग बंद. नाहीतर पुढच्या वेळी मला बोलावू नका, थेट भटजींना बोलवा."

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सरपोतदार मॅडम रोज सकाळी ध्यानाचा क्लास घेतात. येणारे सगळे रिटायर्ड, सगळे तापट. आईने बाबांना तिथे नेऊन बसवलं. मॅडमनी सगळ्यांसारखं बाबांच्याही मनगटात रुद्राक्षाचं ब्रेसलेट घातलं, सत्तावीस मण्यांचं, आणि नियम सांगितला. राग आला की एकेक मणी ओढायचा, प्रत्येक मण्याला नाम घ्यायचं, आणि पूर्ण फेरी झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही!

"फेरी संपेपर्यंत राग निघून जातो," मॅडम म्हणाल्या.

आमच्या बाबांचा राग कुठेही जात नाही. समोरचा माणूस जातो!

*

पहिल्याच आठवड्यात बाबा चेकअपला निघाले. रिक्षावाल्याला म्हणाले, "डेक्कन." तो म्हणाला, "तिकडं नाय जाणार." बाबा लालबुंद. तोंड उघडलं, नियम आठवला, मणी ओढायला लागले. रिक्षावाला दोन मिनिटं या माणसाकडे बघत थांबला आणि निघून गेला.

फेरी संपली. बोलायचं वाक्य तयार, पण ऐकायला माणूस नाही!

बाबांनी दुसरी रिक्षा केली. "त्या रिक्षाच्या मागे घ्या." शेवटी स्वारगेटच्या सिग्नलला पहिला सापडला. बाबा उतरले, त्याच्या रिक्षात वाकले आणि शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाईक नकोच असेल तर रिक्षात माती भरा आणि तुळस लावा. निदान कुणी नमस्कार तरी करेल."

घरी आले तेव्हा चेहऱ्यावर इतकं समाधान की आईने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांकडे जायचं राहिलं," बाबा म्हणाले.

*

हळूहळू आमच्या लक्षात आलं की प्रॉब्लेम वाढलाय. आधी बाबा नुसते ओरडायचे. ओरडण्याची सवय होते, पंख्यालासुद्धा झाली होती. आता त्यांना पूर्ण फेरीभर विचार करायला मिळायला लागला.

माझा एक विषय राहिला तेव्हा मी रिझल्ट घेऊन समोर उभा होतो. बाबा मणी ओढतायत. मी उभा. आई मधेच म्हणाली, "अहो, जप करताय की भाषण लिहिताय?" बाबांनी हातानेच थांब म्हटलं.

शेवटचा मणी. मग एकदम मऊ आवाजात, "तू नापास झालास त्याचं दुःख नाही रे. तुझा पेपर ज्याला वाचावा लागला, त्याच्या घरच्यांचं वाईट वाटतं."

मी मॅडमकडे तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, "आवाज वाढला का?" म्हटलं नाही. "मग प्रगती आहे!"

*

बाबांचे क्लासमधले दोस्त म्हणजे मोघे काका. त्यांना राग फक्त स्कूटरवर येतो, आणि ते दिवसभर स्कूटरवर असतात.

टिळक रोडला एक पोरगा राँग साइडने समोर आला. मोघे काकांनी हॉर्न सोडला, ब्रेक सोडला, आणि उजव्या हाताने डाव्या मनगटातले मणी ओढायला लागले. पुढे उभ्या टेम्पोला राग वगैरे काही नव्हता. तो आपला उभाच होता.

लोकांनी उचललं. "काका, ब्रेक का नाही दाबला?"

मोघे काका गप्प. फेरी चालू होती!

डावा हात प्लास्टरमध्ये गेला. ब्रेसलेट बसेना, म्हणून मोघे काकूंनी स्वतःच्या मनगटात घातलं. आता काकांना राग आला की आधी काकूंचा हात धरावा लागायचा. काकू आईला सांगत होत्या, "लग्नानंतरसुद्धा इतक्यांदा धरला नव्हता हो. फक्त धरताना असं डोळे वटारून बघायला नको."

*

प्लास्टर निघाल्यावर बाबा आणि मोघे काका यांचंच भांडण लागलं. विषय: खरा रुद्राक्ष कुणाचा? कुणीतरी सांगितलं, खरा पाण्यात बुडतो. क्लास सुरू व्हायच्या आधी पातेलं आणलं. बाबांचं ब्रेसलेट बुडालं. मोघे काकांचं तरंगलं.

"प्लास्टिक!" बाबा म्हणाले.

"तुमचं बुडलं कारण ते तुमच्या संगतीत जड झालंय!" मोघे काका म्हणाले.

झालं. दोघांनी ओली ब्रेसलेटं उचलली, समोरासमोर बसले, डोळे मिटले आणि दात-ओठ खात फेऱ्या सुरू केल्या. एकाची संपली की तो डोळे उघडायचा, दुसऱ्याचं तोंड दिसायचं, परत राग यायचा, परत फेरी.

तेवढ्यात मॅडम आल्या. हात जोडून हळूच म्हणाल्या, "बघा! किती खोल ध्यान लागलंय दोघांचं!"

तो फोटो अजून क्लासच्या बॅनरवर आहे.

*

इथपर्यंत मी हसत होतो. आता खरं सांगतो, मला राग कशाचा आहे.

आमचे सेक्रेटरी करमरकर. यांना सोसायटीचा तो हॉल स्वतःच्या मेव्हण्याला जिमसाठी द्यायचा होता. हॉल गेला की क्लास गेला, आणि क्लास गेला की बाबा दिवसभर घरात, आईच्या समोर, छातीत तो स्टेंट घेऊन. आई म्हणाली, "काहीही करा, पण हॉल जाऊ देऊ नका."

मीटिंगला क्लासचे सगळे पहिल्या रांगेत. करमरकर माइक घेऊन म्हणाले, "चार म्हातारी माणसं डोळे मिटून बसतात म्हणून आपण अख्खा हॉल अडवायचा? डोळे मिटायला त्यांच्या घरी कॉट आहेत."

पहिली रांग पेटली. सगळ्यांना एकदम राग आला. आणि सगळ्यांनी एकदम मणी धरले!

अख्ख्या हॉलमध्ये मण्यांचा कट कट आवाज. आमचे अध्यक्ष मीटिंगला झोपतात आणि शेवटच्या वाक्याला उठतात. ते उठले. "ठरावाला कुणाचा विरोध?"

कट. कट. कट.

मी ओरडलो, "बाबा, बोला ना!" मी मेंबर नाही, माझं कोण ऐकतो? बाबांचा चेहरा जांभळा, कपाळावरची शीर उडतेय, आणि बोट मण्यावर.

"एकमताने मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

बाबांची फेरी संपली तेव्हा खुर्च्या उचलणं चालू होतं. मग ते वाक्य बोलले. इतकं भारी वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. ते फक्त मी ऐकलं, आणि एका खुर्चीने.

मला करमरकरांपेक्षा बाबांचाच राग आला. जन्मभर नको तिथे ओरडला हा माणूस, आणि एकदा ओरडायचं होतं तेव्हा साधूसारखा बसला!

त्याच संध्याकाळी बाबांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, मी राग आवरायला सांगितला होता. साठवायला नव्हता सांगितला! यापुढे आला की लगेच बोलून मोकळे व्हा. हळू आवाजात."

*

ठराव पुढच्या मीटिंगमध्ये कायम व्हायचा होता. मधे गुरुपौर्णिमा आली. क्लासने करमरकरांचा सत्कार ठेवला, इतकी वर्षं हॉल वापरू दिला म्हणून. करमरकर सत्काराला नाही म्हणत नाहीत. शाल, श्रीफळ, आणि मनगटात ब्रेसलेट.

मॅडमनी माइकवर नियम सांगितला. करमरकरांनी माइक घेऊन, सगळ्यांसमोर, फोटोत नीट येईल असं उभं राहून शपथ घेतली, "राग आला की पूर्ण फेरी होईपर्यंत एक शब्द बोलणार नाही!" टाळ्या.

मग मीटिंग. बाबा उठले. मनगट मोकळं. हळू आवाजात म्हणाले, "ठराव रद्द करावा अशी सूचना आहे. आणि करमरकर, मेव्हण्याला जिम कशाला? एवढी वर्षं त्याचं वजन तुम्हीच उचलताय. व्यायाम तर तुमचा झालाय!"

अख्खा हॉल हसला. करमरकर ताडकन उठले, तोंड उघडलं.

"शपथ, करमरकर," मोघे काका म्हणाले.

करमरकरांनी तोंड मिटलं आणि मणी धरला.

आता, माळेत एक मोठा मणी असतो, मेरुमणी. तो बोटाला लागला की फेरी संपली. करमरकर मणी ओढतायत, मोठा मणी शोधतायत. अध्यक्ष उठले. "रद्द करायला कुणाचा विरोध?" करमरकरांनी ब्रेसलेट डोळ्यांजवळ नेलं. फिरवलं. परत फिरवलं. सगळे मणी सारखे!

"एकमताने रद्द."

चहा झाला, खुर्च्या उचलल्या, क्लासवाले बाबांना घेऊन मिसळ खायला गेले. मी हॉलला कुलूप लावायला गेलो तर करमरकर आत उभेच. मी म्हटलं, "काका, लावू का?"

त्यांनी डाव्या हाताने खूण केली. थांब.

ते ब्रेसलेट ओवलं कुणी? मला काय विचारतोस? संपला किस्सा. दोन चहा आणि क्रीमरोल झालेत, मालक बघतायत. काढ पैसे.