नातवाचं नाव पिएत्रो

पुतण्याला मुलगा झाला आणि माझा फोन वाजायचा थांबेना. पुतण्या इटलीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे, बायको तिथलीच. मुलाचं नाव त्यांनी पिएत्रो ठेवलं. पुतण्याचे वडील म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेतून निवृत्त, कडेगावला ऊस करतो. त्याला नावाचा अर्थ हवा होता. आणि मी सांगलीत वर्तमानपत्रात काम केलेलं, म्हणजे मला तो ठाऊक असलाच पाहिजे.

बघून सांगतो म्हणालो. दुपारी फोन, संध्याकाळी पुन्हा.

"पेपरात एवढी वर्सं नुसता चा पीत हुतास व्हय रं?"

अर्थ मला सकाळीच सापडला होता. पिएत्रो मूळ ग्रीक शब्दावरून आलं, त्याचा अर्थ दगड, खडक. येशूने आपल्या एका कोळी शिष्याला हे नाव दिलं आणि ते युरोपभर पसरलं. अडचण वेगळीच होती.

भावाच्या आधी आईची दोन मुलं दगावली होती. तिसऱ्यावर तरी मरणाची नजर पडू नये म्हणून त्याचं नाव दगडावरून ठेवलं. आमच्याकडे तशी रीतच होती. तो जगला, पण शाळेतल्या मास्तरांपासून पलटणीतल्या उस्तादापर्यंत सगळ्यांनी त्या नावावरून त्याची टिंगल केली. लग्नपत्रिकेत त्याने दुसरंच नाव छापलं होतं.

शेवटी त्या कोळ्यासकट सगळं सांगून टाकलं.

"दुसरा अर्थ बघ."

"दुसरा नाही, दादा."

"असंल. मिरजंला चर्चमधी इचारून ये."

मी उन्हातून स्कूटरवर मिरजेला गेलो. फादरनी तोच अर्थ सांगितला, वर सरबत दिलं. भावाला तेही पटलं नाही. पोराला नाव बदलायला सांग, असा हुकूम आला. मागून वहिनींनी फोन घेतला. "आवं भावजी, सांगा की त्याला. ह्यांचं ताट तसंच ऱ्हातंय. नातवालाबी दगुड म्हनून चिडवत्याल म्हनत्यात."

वैतागून मी पुतण्याला गाठलं.

"काका, इथं पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची जुनी पद्धत आहे," तो म्हणाला. "हिनं बाबांच्या नावाचा अर्थ विचारला, मी सांगितला. मग तिनंच हे निवडलं. म्हणाली, बाबांना बरं वाटेल."

हे मी भावाला जसंच्या तसं कळवलं.

"जित्या मानसाचं नाव ठेवत्यात व्हय तिकडं?"

"ठेवतात."

"मग पत्रिकेतलं का न्हाई ठेवलं?"

"ते तुझं नाव नाही, दादा."

त्याने फोन ठेवला. आता सुटलो, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना पुन्हा वाजला.

"त्या फादरला आनि येकदा गाठ. त्यो कोळी हुता न्हवं, त्याचं फुडं काय झालं इचार."

"फोनवर विचारतो."

"फोनवर नगं. समक्ष जा."

मी तोंड पुसलं आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागलो.