अनुसयाबाईची जीभ

तांडापेठेतल्या त्या घरात पुढच्या खोलीत जागेश्वरचा हातमाग होता. हातमागाची लुगडी कुणी घेईना, तेव्हा मागाचा खड्डा बुजवून तिथं बाकडी टाकली आणि त्याच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, तिखटजाळ सावजी जेवणाची खाणावळ काढली. तेव्हापासून घर तिच्या जिभेवर चाललं. रस्सा उकळला की ती तळहातावर थेंबभर घेई, चाटे आणि मिठाला हात घालायचा की नाही ते ठरवी.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती चक्कर येऊन बसली. रक्तदाब फार चढला होता. सीताबर्डीच्या डॉक्टरीणबाईंनी कॅप्टोप्रिलच्या गोळ्या दिल्या. दिवसातून तीनदा, जेवणाच्या तासभर आधी. अनुसयाबाईच्या आईला चुलीपुढंच लकवा मारला होता. त्यामुळं तिनं गोळी कधी चुकवली नाही.

पुढं रस्सा अळणी लागू लागला. तोंडात सदा कळकलेल्या ताकाची चव. तिनं मीठ वाढवलं. सावजी जेवताना घटाघटा पाणी सगळेच पितात, म्हणून कुणी बोललं नाही. शेवटी लकडगंजच्या लाकडांच्या टालावरून रोज जेवायला येणारे देवराव हात धुताना म्हणाले, "बाई, आजकाल सैपाक दुसरंच कोनी करते का?"

ती हसली. पण त्या दिवसापासून ती चव जागेश्वरला पाहायला लावी. तो तळहात पुढं करी, चाटे आणि म्हणे, ठीक हाय. सुताचा पीळ बोटानं ओळखणाऱ्या माणसाची जीभ मात्र ठीकच्या पुढं जात नसे.

जिभेचं हे सगळं गोळ्या सुरू झाल्यापासूनचं, हे ध्यानात आलं तेव्हा एक दिवस तिनं कुणाला न सांगता गोळी सोडली. जिभेवर हळूहळू मीठ परतलं, पण डोकंही ठणकू लागलं. भिंतीला धरून उभी असलेली ती जागेश्वरला दिसली आणि त्यानं तिला सरळ दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई आधी रागावल्या. मनानं औषध सोडल्यानंच लकवा येतो, म्हणाल्या. जिभेचं कळलं तेव्हा मात्र खुर्ची जवळ ओढून त्यांनी समजावलं. याच जातीची एनालाप्रिल नावाची नवी गोळी आली आहे. दिवसातून एकदाच, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालते. जिभेला तिचा त्रास कमी. कोरडा खोकला मात्र दोन्हींनी लागू शकतो. ओठ, चेहरा सुजला तर गोळी थांबवून लगेच यायचं.

"म्हंजे एका घरच्या दोघी जावा," अनुसयाबाई म्हणाली. "धाकटीले घरात घेऊन पाहू."

धाकटी मानवली. दाब उतरला, चव टिकली. खोकला आला, पण मिरच्या भाजणाऱ्या घरात खोकल्याला कोण विचारतं? जागेश्वरनंच एकदा विचारलं, "मसाला तं काल भाजला. आज काहून खोकलून राहिली वं?"

तिनं खरं ते सांगितलं, खोकला गोळीचा आहे. डॉक्टरीणबाईंना विचारून दुसरी एखादी गोळी पाहू, तो म्हणाला.

अनुसयाबाई म्हणाली, "त्यायले सांगतो मी. पन त्यायनं चालते म्हटलं तं हेच राहू द्या. खोकल्यानं भाजी खारट नाही होत."

ती पदर तोंडाशी धरून मागच्या दारी गेली, उबळ थांबल्यावर हात धुऊन परत आली. रस्सा उकळत होता. जागेश्वरनं सवयीनं तळहात पुढं केला. तिनं पळी आपल्याच तळहातावर झुकवली.