वीतभरावरचं काम

मला त्या डोळ्यांच्या दवाखान्याची किळस येते, आधीच सांगून टाकते. गार हवा, कसला तरी गोडसर फवारा, आणि भिंतीभर फोटोंत दात काढून हसणारे म्हातारे-म्हाताऱ्या. मोतीबिंदू झाल्यावर इतकं हसू कुणाला येतं, बाई?

आमचे हे रफूवाले. कोट उंदराने कुरतडू दे नाहीतर शर्टाला सिगारेटचं भोक पडू दे, हे त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढणार आणि भोकावर उभे-आडवे विणणार. गिऱ्हाईक कपडा उलटासुलटा करून विचारतं, "भोक होतं कुठे? तुम्ही केलंत तरी काय?" की स्वारी दिवसभर खूश. लहानपणापासून मायनसचा जाड चष्मा. चष्मा नसेल तर रस्त्यात बायकोसुद्धा ओळखू येत नाही. पण कामाला बसले की चष्मा कपाळावर आणि कपडा नाकापासून वीतभर. तेवढ्या वीतभरात यांना जे दिसायचं ते देवालाही दिसत नसेल.

मग मोतीबिंदू आला. काळ्यावर काळा धागा दिसेना, सुई बोटात घुसायला लागली. पोरगा म्हणाला, "मी बघतो सगळं." बघितलंच त्याने.

दवाखान्यात लेन्स समजावणारी एक बाई होती. मला "आजी, आजी" करत होती, जशी काही माझ्याच मांडीवर वाढली. साधी लेन्स एकाच अंतराची, बाकीच्याला चष्मा. वरची लेन्स दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी. त्यावर आणखी पैसे भरले की लेझरने ऑपरेशन. पुढ्यात माणूस बसलाय, कॉलरला सुई टोचलेली आहे, पण तिने विचारलं पोराला, "आजोबा काय करतात?"

"बाबा आता काही करत नाहीत," पोरगा म्हणाला. "वरचंच मॉडेल द्या. लेझरसकट."

मोबाइल घ्यायला आल्यासारखा! मी बोलायला तोंड उघडलं तर ह्यांनी माझा हात दाबला. पोरगा हौसेने करतोय, राहू दे. ह्यांचा हा भिडस्तपणा! त्याचाही मला वीट आलाय.

उजवा डोळा झाला. समोरच्या इमारतीवरची पाटी घडाघडा वाचली, पोराने नातेवाइकांना फोन लावले. संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसायला लागली, ती माझ्याशिवाय कुणाला सांगितली नाहीत. आठ-पंधरा दिवस गेले, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, आणि हे काळा कोट घेऊन बसले. कपडा नाकाशी नेला, लांब धरला, पुन्हा नाकाशी नेला. मग कोट घडी करून ठेवला आणि मला म्हणाले, "आज उजेड बरा नाहीये." बाहेर भर दुपार होती.

डाव्या डोळ्याच्या वेळी मी त्या गोडबोलीला टाळून ह्यांना घेऊन सरळ डॉक्टरांसमोर जाऊन बसले आणि सगळं ओकले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ती लेन्स उजेड वाटून देते, त्यामुळे काळ्यावरचं काळं फिकं पडतं. आणि तिचं जवळ म्हणजे पेपर वाचायचं जवळ, नाकाशी नव्हे. लेझर चीर देतो, मोतीबिंदू मऊ करतो, पण तो काढावा हातानेच लागतो. यांच्या डोळ्याला लेझर नसता तरी चाललं असतं. हे तेव्हा सांगायला काय जीभ झडली होती?

"डाव्यात एकाच अंतराची बसवू," डॉक्टर ह्यांना म्हणाले. "तुमचा जुना मायनस ठेवून. काम वीतभरावर दिसेल. पण त्या डोळ्याने लांबचं बघायला चष्मा लागेल. काय हवंय?"

"बाबांना आता काम करायची काय गरज—" दाराशी खुर्ची टाकून बसलेला पोरगा सुरू झाला.

"मला विचारलंय," हे म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांना पोराला तोडताना ऐकलं. "जवळचं द्या, डॉक्टर."

"म्हणजे पुन्हा चष्मा? इतकं सगळं करून? बाबा, इथे बसलेला मी तरी नीट दिसणार आहे का त्या डोळ्याने?"

"नाही दिसणार," हे म्हणाले. "मग जवळ येऊन बस."

ह्यांच्या शेजारची खुर्ची रिकामीच होती. पोरगा जागचा हलला नाही, मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. डॉक्टरांनी जवळचा नंबर लिहून घेतला.